हात कामावर, मन वाटेवर

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

सायखेड्यात गोदावरीच्या काठाला माझं घर आहे. नदीपलीकडे चांदोरी, मध्ये पूल. द्राक्षबागांची ऑक्टोबर छाटणी सुरू झाली की पहाटे साडेपाचच्या सुमाराला या पुलावर दोन रांगा दिसतात. एक रांग गावातून बाहेर जाणारी. डोक्याला कानटोपी, पाठीला डब्याची पिशवी, एकेका मोटरसायकलवर दोघं-दोघं. ही पोरं सातपूर, अंबड नाहीतर सिन्नरच्या कंपन्यांत सकाळी सातची पाळी गाठायला निघालेली असतात. दुसरी रांग गावात येणारी. पिकअप गाड्यांच्या हौद्यात उभी असलेली माणसं, बायका, कडेवर पोरं, भांड्यांची बोचकी. ही पेठ, सुरगाणा, हरसूलकडची मंडळी. घरच्या भात-नागलीच्या कामातून सवड काढून ती निफाड तालुक्यातल्या बागांवर छाटणीला, पुढे डिपिंगला आणि मण्यांच्या विरळणीला येतात.

माझा एक बालमित्र आहे. त्याला आपण नाना म्हणू. चार एकर द्राक्षबाग, थोडा ऊस, थोडा कांदा. परवा तो ओट्यावर येऊन बसला आणि चहा यायच्या आत त्यानं दोन तक्रारी सांगितल्या. पहिली मजुरांची. "टिकत नाहीत रे. उचल घेतात, चार दिवस काम करतात, पाचव्या दिवशी सकाळी बघावं तर खोली रिकामी." दुसरी त्याच्या मुलाची. मुलगा अंबडला एका कारखान्यात ठेकेदारामार्फत मशीन ऑपरेटर आहे. "त्याला कंपनी सोडायचीय म्हणे. पगार वेळेवर होतो, पीएफ कापतात, उन्हातान्हाचं काम नाही. मग दुखतंय कुठं? तू कंपनीत जन्म घातलास, तूच समजाव त्याला."

नानाच्या लक्षात आलं नाही, पण त्याच्या दोन्ही तक्रारी एकच होत्या. एकदा तो मालकाच्या बाजूनं बोलत होता, एकदा बापाच्या. माणूस काम का सोडतो, आणि सोडायच्या कितीतरी आधी त्याच्या मनात सोडायचा विचार कसा घर करतो, हा प्रश्न बागेत काय आणि कारखान्यात काय, सारखाच आहे.

मी तीसेक वर्षं नाशिकच्या एका कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी होतो. १९४८ च्या कारखाने कायद्यानं पाचशे किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथं असा अधिकारी नेमणं सक्तीचं केलं होतं, म्हणून आम्हाला नेमलेलं. राजीनामा देणाऱ्या प्रत्येकाकडून एक फॉर्म भरून घ्यायची पद्धत होती. त्यात 'नोकरी सोडण्याचे कारण' असा रकाना. माझ्या कपाटातल्या त्या फायली आज कुणी चाळल्या, तर नाशिक जिल्ह्यातल्या घराघरांत काहीतरी भयंकर चाललं होतं असंच त्याला वाटेल. कारण फॉर्मामागून फॉर्मावर एकच शब्द, 'घरगुती'. जाणारा माणूस खरं कशाला सांगेल? हिशेब मिळायचा असतो, अनुभवाचा दाखला हवा असतो, उद्या दुसऱ्या कंपनीतून चौकशी आली तर साहेबानं बरं बोलावं अशी आशा असते. आणि मीही कधी खोदून विचारलं नाही. रकाना भरला की माझं काम संपत होतं.

एकदा लेथवरचा एक अतिशय चांगला कारागीर सोडून गेला. त्याच्याही फॉर्मावर 'घरगुती'. हिशेबाचे पैसे घेऊन तो निघाला, तेव्हा गेटबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा प्यायलो. कुठं चाललास म्हणून विचारलं, तर एका लहान वर्कशॉपचं नाव सांगितलं. पगार विचारला, तर आमच्यापेक्षा कमी. मला काही कळेना. तो म्हणाला, "साहेब, पैसे कमी आहेत. पण तो मालक महिन्याच्या पाळ्या महिन्याच्या आधी सांगतो."

आमच्या खात्यात पुढच्या आठवड्याच्या पाळ्यांचा तक्ता शनिवारी संध्याकाळी लागायचा. या माणसाची दीड एकर शेती. शेतीच्या विजेचंही पाळीपाळीनं, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. विहिरीवरची मोटार कधी चालू करायची आणि लेथवर कधी उभं राहायचं, याचा मेळ त्याला शनिवारी संध्याकाळपर्यंत घालता येत नसे. रविवारी बहिणीचा साखरपुडा आहे, येणार का, तर सांगता येत नाही. रजा मागितली तर सुपरवायझर कधी 'नाही' म्हणत नसे. तो 'बघू' म्हणत असे. त्या 'बघू'वर माणूस आठवडाभर लटकून राहायचा. 'नाही' परवडलं असतं, असं तो म्हणाला.

मी हा तक्ता दोन आठवडे आधी लावा असं सुचवलं, तेव्हा उत्पादन खात्याचे साहेब हसले. ऑर्डरी काय आपल्याला विचारून येतात का, असं म्हणाले. पुढे बऱ्याच खटपटीनं एका खात्यात ते करून पाहिलं. ऑर्डरींचं काहीही बिघडलं नाही. लग्नसराईत येणारे आजारपणाचे दाखले मात्र एकदम कमी झाले. खर्च किती आला? एक कागद आणि दोन ड्रॉइंग पिना.

अशा गोष्टींना व्यवस्थापनशास्त्रात 'क्वालिटी ऑफ वर्क लाइफ' म्हणतात. मराठीत 'कार्यजीवनाची गुणवत्ता' असा शब्द केला आहे, तो ऐकायला जरा जड आहे. साध्या भाषेत सांगायचं तर कामाच्या ठिकाणी माणसाचा दिवस कसा जातो, आणि तो दिवस संपवून घरी निघताना त्याच्यात काय शिल्लक उरतं, हा त्याचा अर्थ. १९७२ मध्ये अमेरिकेत या विषयावर मोठी आंतरराष्ट्रीय परिषद झाली आणि हा शब्दप्रयोग रूढ झाला. पुढच्याच वर्षी रिचर्ड वॉल्टन नावाच्या प्राध्यापकांनी त्याच्या आठ कसोट्या मांडल्या. पुरेसा आणि न्याय्य मोबदला ही पहिली. मग सुरक्षित जागा, अंगच्या कसबाला वाव, पुढं जायची संधी, सहकाऱ्यांत मिसळून राहता येणं, नियम सगळ्यांना सारखे असणं आणि बोलायची मोकळीक, कामाबाहेरच्या आयुष्याला जागा, आणि शेवटी, आपण जे करतो त्याचा समाजाला काही उपयोग आहे ही भावना. आठांत पैसा एक. आमचा लेथवाला सातव्या कसोटीवर गेला.

पण हे शहाणपण अमेरिकेतून आलं असं समजायचं कारण नाही. त्याच्या जवळजवळ नव्वद वर्षं आधी मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. साल १८८४. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन सरकारनं नेमलेल्या फॅक्टरी कमिशनला दिलं गेलं. त्यातल्या मागण्या आज वाचल्या की आश्चर्य वाटतं. रविवारी सुट्टी हवी. दुपारी अर्धा तास विश्रांती हवी. काम सकाळी साडेसहाला सुरू होऊन सूर्यास्ताला थांबावं. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. कामावर इजा झाली तर बरं होईपर्यंत पगार मिळावा, आणि कायमचं अपंगत्व आलं तर निर्वाहाची सोय व्हावी. पगारवाढ ही या प्रमुख मागण्यांत नव्हती! अतिशय तुटपुंज्या पैशांवर राबणारी ही माणसं, पण त्यांनी आधी मागितला तो वेळ, विसावा आणि भरवसा. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीला दहा हजार कामगारांची सभा झाली, आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली.

आता कुणी म्हणेल, हे ठीक आहे, पण शेवटी माणूस पैशासाठीच काम करतो. खरं आहे. पैशाला कमी लेखणारं बोलणं बहुधा ज्याला वेळेवर पगार मिळतो तोच करतो. हेन्री फोर्डचं उदाहरण घ्या. १९१३ मध्ये त्याच्या डेट्रॉइटजवळच्या मोटार कारखान्यात सरकता पट्टा आला. काम माणसाकडे चालत येऊ लागलं आणि माणूस दिवसभर एकच बोल्ट आवळत उभा राहू लागला. कारागीर भराभर सोडून जाऊ लागले. त्या एका वर्षात कामगार बदलण्याचं प्रमाण ३७० टक्क्यांवर गेलं. म्हणजे सुमारे चौदा हजार माणसं कामावर टिकवण्यासाठी वर्षभरात पन्नास हजारांहून जास्त माणसं भरती करावी लागली. जानेवारी १९१४ मध्ये फोर्डनं दिवसाला पाच डॉलर देऊ असं जाहीर केलं. जवळजवळ दुप्पट मजुरी, आणि नऊऐवजी आठ तासांचा दिवस. गेटवर झुंबड उडाली, सोडून जाणं झपाट्यानं कमी झालं.

इथं गोष्ट संपली असती तर पगार वाढवा आणि मोकळे व्हा असं सांगून मलाही गप्प बसता आलं असतं. पण त्या पाच डॉलरांतला मोठा हिस्सा नफ्यातला वाटा म्हणून होता, आणि तो मिळण्यासाठी कंपनीची माणसं कामगाराच्या घरी जाऊन तो दारू पितो का, घर नीटनेटकं ठेवतो का, हे तपासत. आणि मोटारीच्या धंद्यातला पगार जसजसा सर्वत्रच बरा होत गेला, तसतशी त्यातली जादू ओसरली. १९७२ मध्ये ओहायो राज्यातल्या लॉर्ड्सटाउन इथं जनरल मोटर्सच्या अगदी नव्या कारखान्यात तरुण कामगारांनी संप केला. तिथल्या पट्ट्यावरून तासाला शंभर गाड्या उतरवायच्या ठरवलं होतं. म्हणजे एका गाडीशी माणसाचा संबंध छत्तीस सेकंदांचा. पगार चांगला होता. भांडण कामाच्या वेगाचं आणि कमी केलेल्या माणसांचं होतं. पैसा माणसाला गेटच्या आत आणतो, हे फोर्डनं दाखवलं. आत आल्यावर दिवस कसा जातो याचा हिशेब तो वेगळा ठेवतो, हे या पोरांनी दाखवलं.

याच्या उलट बाजूचं एक उदाहरण आपल्या जवळचं आहे. १९५३ साल. अहमदाबाद तेव्हा मुंबई राज्यातच होतं. साराभाईंच्या कॅलिको मिलमध्ये नवे स्वयंचलित माग आले होते, तरी कापड अपेक्षेइतकं निघत नव्हतं. लंडनच्या टॅव्हिस्टॉक इन्स्टिट्यूटचे ए. के. राइस तिथं आले. त्यांनी पाहिलं की एकाच खात्यात कामाचे डझनभर तुकडे केलेले आहेत. कुणी फक्त तुटलेला धागा जोडतो, कुणी फक्त कांड्या भरतो, कुणी फक्त तेल घालतो, आणि प्रत्येकाच्या वाट्याचे माग वेगळे. एका मागाची जबाबदारी अशी कुणाचीच नाही. राइस यांनी सुचवलं की काही माग मिळून एक गट करा आणि ते माग एका लहान टोळीच्या हवाली करा. कुणी काय करायचं ते टोळीनं ठरवावं. कामगारांनी ही कल्पना उचलून धरली आणि टोळ्या स्वतःच जमवल्या. सुरुवातीला थोडी ओढाताण झाली, पण नंतर उत्पादन वाढलं आणि खराब कापड कमी झालं. १९७० मध्ये तिथं पुन्हा जाऊन पाहणी झाली, तेव्हा एका ठिकाणी ही पद्धत टिकून होती, इतरत्र विरत गेली होती. म्हणजे हा काही जादूचा दिवा नव्हे, त्यात तेल घालत राहावं लागतं. पण माग तेच, माणसं तीच. मधली मांडणी बदलल्यावर एवढा फरक पडला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सोडायचा विचार मनात येतो कसा?

अमेरिकेतल्या मार्च आणि सायमन या अभ्यासकांनी १९५८ मध्ये याची फार साधी फोड केली. माणूस स्वतःला दोन प्रश्न विचारत असतो. मला इथून जावंसं वाटतंय का? आणि मला जाता येईल का? कामाचं ठिकाण चांगलं की वाईट, यावर पहिल्याचं उत्तर ठरतं. बाहेर काम मिळतं का, घरी कर्ज किती, पोरांच्या शाळेचं काय, यावर दुसऱ्याचं. गंमत अशी की मालक फक्त दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराकडे बघतो. माणूस गेला नाही म्हणजे खूश आहे, असं तो धरून चालतो. माझ्या अनुभवात सगळ्यात महागात पडणारा माणूस तो, ज्याचं पहिलं उत्तर 'हो' आणि दुसरं 'नाही' आहे. त्याचे हात कामावर असतात, मन केव्हाच वाटेला लागलेलं असतं. तो मशीनमधला वेगळा आवाज ऐकतो आणि गप्प बसतो. नव्या पोराला काही शिकवत नाही. त्याचा राजीनामा कुठल्याही फायलीत सापडत नाही.

अनेक अभ्यासांचे निष्कर्ष एकत्र करून २००० मध्ये एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. कोण सोडून जाईल याचा सर्वांत चांगला अंदाज माणसाच्या मनातल्या सोडण्याच्या इराद्यावरून येतो, पगारावरून मात्र फारसा येत नाही, असं त्यात दिसलं. इरादा पक्का व्हायला वेळ लागतो. आधी कंटाळा, मग कुठं काही आहे का म्हणून सहज चौकशी, मग तुलना. या सगळ्या काळात विचारणारं कुणी भेटलं तर माणूस परत फिरू शकतो. मग एखाद्या दिवशी ठिणगी पडते. ली आणि मिचेल या अभ्यासकांनी तिला 'धक्का' असंच म्हटलं आहे. धक्का दिसायला लहान असतो. नानाच्या मुलाला बसलेला धक्का मी त्याच्याच तोंडून ऐकला. तो तीन वर्षं एकाच मशीनवर आहे. मशीनखाली तेल गळतं, पाय घसरतात. त्यानं डोकं लढवून एक पत्र्याचा साधा ट्रे वाकवून आणला आणि सुपरवायझरला दाखवला. उत्तर मिळालं, "तुला इथं डोकं चालवायला ठेवलेलं नाही." त्याला वाईट वाटलं ते अपमानाचं नव्हे, असं तो म्हणाला. "काका, त्या दिवशी मला कळलं, की पुढची वीस वर्षं पण अशीच जाणार."

आमच्या आधीच्या पिढीतला माणूस ओझरच्या एचएएलला किंवा नाशिकरोडच्या प्रेसला चिकटला, की निवृत्तीच्या दिवशीच हार घालून बाहेर पडायचा. ती पिढी जास्त सोशिक होती असं म्हणायची पद्धत आहे, मला ते पटत नाही. तिथं कायम नोकरी होती, राहायला क्वार्टर होती, शाळा, दवाखाना होता, तक्रार घेऊन जायला युनियन होती. माणूस अनेक दोऱ्यांनी तिथं बांधलेला होता आणि त्यातल्या बऱ्याच दोऱ्या सुखाच्या होत्या. आजच्या पोराला सायखेड्याशी बांधणाऱ्या दोऱ्या आहेत: घर, शेत, म्हातारे आईबाप, नदीला पूर आला की एकमेकांचं सामान हलवणारे शेजारी. कंपनीशी बांधणारी एकच, महिन्याचा पगार. ती कुणीही पाचशे रुपये जास्त देऊन सोडवू शकतो.

त्यात ठेकेदारी. नानाच्या मुलाच्या ओळखपत्राचा रंग कायम कामगारांच्या ओळखपत्रापेक्षा वेगळा आहे. रोज गळ्यात घालून फिरायचा तो रंग. औद्योगिक विवाद कायद्याप्रमाणे वर्षात २४० दिवस काम झालं की कामगाराला कपातीविरुद्ध काही संरक्षण मिळत असे. म्हणून सात महिने झाले की 'ब्रेक' द्यायचा, ही कित्येक ठिकाणची रीत होती. ज्याला काढायचं हे पहिल्याच दिवशी ठरलेलं असतं, त्यानं मात्र कंपनी आपली मानावी, ही अपेक्षा. २१ नोव्हेंबर २०२५ पासून जुन्या कायद्यांच्या जागी चार कामगार संहिता लागू झाल्या आहेत आणि प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र देणं सक्तीचं झालं आहे. कागदावर हे चांगलं आहे. कागद पोरांच्या हातात पडेल तेव्हा बघू. (पाहिलंत, मीही 'बघू' म्हणालो.)

माणसं टिकू नयेत यात कुणाचा फायदा असू शकतो, हेही लक्षात ठेवलं पाहिजे. १९२९ मध्ये ब्रिटिश सरकारनं नेमलेल्या व्हिटली कमिशननं १९३१ च्या अहवालात गिरण्यांतल्या जॉबरबद्दल, म्हणजे मुकादमाबद्दल, हेच लिहिलं होतं. भरती त्याच्या हातात. कामावर घेताना तो दस्तुरी उकळायचा. जितकी माणसं जातील तितकी नवी येतील, तितकी त्याची कमाई. मालकाला वाटायचं, माणसं चंचल आहेत. आज माणशी कमिशन जिथं जिथं चालतं, मग तो कारखाना असो की बाग, तिथं हा हिशेब एकदा तपासून पाहायला हरकत नाही.

बागेवरून आठवलं. नानाला मी विचारलं, तुझी टोळी राहते कुठं? तो म्हणाला, मोटारीच्या खोलीशेजारी पत्र्याचं शेड आहे. आम्ही जाऊन पाहिलं. अर्ध्या शेडमध्ये फवारणीच्या औषधांचे डबे. उरलेल्या अर्ध्यात चूल. दाराला कडी नाही. दिवा नाही. बायकांनी अंधार असतानाच पाटावर जाऊन अंघोळ उरकायची. छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काड्यांना जी पेस्ट लावतात, त्यात हायड्रोजन सायनामाइड असतं. कातडीला आणि डोळ्यांना ते चांगलंच भाजतं, आणि त्या दिवसांत दारू घेतली तर माणूस लालबुंद होऊन धडपडायला लागतो. हातमोजे आहेत का विचारलं, तर नाना म्हणाला, "दिले होते दोन वर्षांखाली."

मजुरी? एकरी ठरलेली, शिवारात सगळ्यांची जवळपास सारखीच. म्हणजे पैशाचा प्रश्न नव्हता. आमच्याच गावात एका बागायतदाराकडे हरसूलकडची एकच टोळी वर्षानुवर्षं येते. तो काही दानशूर म्हणून प्रसिद्ध नाही, व्यवहाराला चांगला कडक आहे. पण त्याच्याकडे दोन पक्क्या खोल्या आहेत, दाराला आतून कडी लागते, बाहेर नळ आहे. उचल किती, काम किती झालं, बाकी किती, हे दर बाजारच्या दिवशी दोन वह्यांत लिहिलं जातं, एक वही त्याच्याकडे, एक टोळीकडे. टोळीत वाचता येणारी एक मुलगी आहे, ती आकडे मोठ्यानं वाचून दाखवते. आणखी एक गोष्ट मला त्या टोळीतल्या एका बाईनं सांगितली. तो घड कसे ठेवायचे हे पहिल्या वर्षी शिकवतो, नंतर दर वर्षी तुमचं काय म्हणणं म्हणून विचारतो. या वर्षी एका ओळीत घड जास्त सुटलेत, हे मुकादमाच्या आधी तिनंच सांगितलं होतं. अहमदाबादच्या मागांवर जे झालं, ते इथं कुणी टॅव्हिस्टॉकचं नावही न ऐकता चाललेलं आहे.

नाना हे सगळं ऐकून घेत होता. मग म्हणाला, "कडी बसवतो. पण कडीनं कुठं माणसं टिकतात का?" मी म्हटलं, एकट्या कडीनं नाही टिकत. डबेही हलव. दिवाळीच्या आधी त्यानं दोन्ही केलं, वर एक बल्ब लावला. वहीचं मात्र अजून त्याच्या मनात येत नाही. विरळणीला टोळी परत येते का, ते आता कळेल.

मुलानं अजून नोकरी सोडलेली नाही. ठेकेदाराच्या ऑफिसातून फॉर्म तेवढा आणून ठेवलाय. परवा संध्याकाळी तो घेऊन माझ्याकडे आला. कारणाच्या रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "काका, इथं काय लिहायचं असतं?"

मी म्हटलं, खरं ते लिही.

तो हसला. "दाखला पाहिजे ना, काका," म्हणाला, आणि माझ्याच टेबलावरचं पेन उचलून त्यानं लिहिलं, 'घरगुती'.